ताऱ्यांच्या रंगात चुकलेला डॉप्लर

जून महिना उजाडला की आपल्या वर्तमानपत्रांतून एक परका शब्द वारंवार भेटू लागतो. कुलाब्याच्या डॉप्लर रडारवर ढगांची दाटी दिसली, गोव्याच्या डॉप्लर रडारने पावसाचा पट्टा टिपला, अशा बातम्या आपण वाचतो आणि पुढे जातो. डॉप्लर हे यंत्र बनविणाऱ्या कारखान्याचे नाव असावे, अशीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः ते गणिताच्या एका प्राध्यापकाचे नाव आहे. हा प्राध्यापक १८५३ साली वारला. त्या वेळी रेडिओलहरी कोणी निर्माण केल्या नव्हत्या आणि रडारचा जन्म व्हायला अजून ऐंशीएक वर्षे अवकाश होता. या गृहस्थाची कीर्ती ज्या निबंधावर उभी आहे तो पावसाविषयी नाही, ताऱ्यांच्या रंगांविषयी आहे. आणि त्या रंगांचे त्याने दिलेले स्पष्टीकरण साफ चुकलेले होते! तरीही एकमेकांवर येऊन पडलेले, एकमेकांत मिसळून गेलेले दोन प्रतिध्वनी वेगळे करायचे झाले तर आज हवामानशास्त्रज्ञाला त्याच चुकलेल्या निबंधाचे बोट धरावे लागते. असा हा चमत्कारिक वारसा ठेवून गेलेल्या माणसाचे आयुष्य कसे होते?

ख्रिश्चन आंद्रेआस डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. (कित्येक पुस्तकांत त्याचे नाव योहान ख्रिश्चन असे छापलेले आढळते, ते बरोबर नाही.) हे गाव आज ऑस्ट्रियात आहे. ज्या चौकात डॉप्लरचे घर होते त्याच चौकात संगीतकार मोझार्टच्या कुटुंबाचे बिऱ्हाड काही वर्षे होते. मोझार्टला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. पुढे डॉप्लरचा सिद्धान्त प्रथम पटला तो वादकांच्या कानांनी, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेजाराची गंमत वाटते.

डॉप्लरचे घराणे पिढीजात पाथरवटांचे. सतराव्या शतकापासून चाललेला हा धंदा चांगला भरभराटीला आलेला होता. ख्रिश्चनच्या हातीही छिन्नी-हातोडा यायचा, परंतु मुलाची प्रकृती पहिल्यापासून नाजूक. दगडाची धूळ त्याला सोसणार नाही हे ओळखून वडिलांनी त्याला हिशेबाकडे वळवावे असा विचार केला. साल्झबुर्गमध्ये सायमन स्टांपफर नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी मुलाची बुद्धी पारखली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निक संस्थेत पाठविण्याचा सल्ला दिला. एखाद्या शिक्षकाच्या एका शब्दाने एखाद्याचे सारे जीवन कसे बदलते, याचे हे उदाहरण. १८२२ साली डॉप्लर व्हिएन्नाला गेला, तीन वर्षांनी परतला, राहिलेला अभ्यास त्याने घरी पुरा केला आणि १८२९ मध्ये पुन्हा व्हिएन्नाला जाऊन तो उच्च गणिताच्या प्राध्यापकांचा साहाय्यक झाला.

ही नोकरी चार वर्षांच्या मुदतीची होती. मुदत संपली तेव्हा डॉप्लर तिशीला टेकला होता आणि त्याला काम नव्हते. पुढची दोन वर्षे त्याने जे हाल काढले ते आजच्या पदवीधरांना समजावून सांगण्याची गरज नाही. जागा निघाली की अर्ज करायचा, स्पर्धापरीक्षेला बसायचे आणि निकालाची वाट पाहत राहायचे. पोटासाठी त्याने एका सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी धरली आणि दीड वर्ष तिथे खर्डेघाशी केली. अखेर १८३५ साली त्याने युरोपचा नाद सोडून अमेरिकेला जायचे ठरविले. सामानसुमान विकून तो म्युनिचला अमेरिकेच्या वकिलाकडे चौकशीलाही जाऊन आला. इतक्यात प्रागच्या एका माध्यमिक तांत्रिक शाळेत नेमणूक झाल्याचे त्याला कळले आणि त्याने बेत फिरवला. दुसऱ्याच वर्षी त्याने साल्झबुर्गच्या सोनाराची कन्या माथिल्डे स्टुर्म हिच्याशी विवाह केला. त्यांना पाच मुले झाली.

प्रागमधील बारा वर्षे हा त्याच्या आयुष्याचा गाभा. शाळेत त्याला प्राथमिक गणित शिकवावे लागे. उच्च गणितात रमणाऱ्या माणसाला ते सुखाचे नव्हते. १८४१ साली तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला, तरी सुख काही लाभले नाही. वर्ग शेकडो विद्यार्थ्यांचे आणि त्या प्रत्येकाची लेखी व तोंडी परीक्षा प्राध्यापकानेच घ्यायची. हे काम दिवसचे दिवस चाले. त्यात छातीचे दुखणे बळावत गेले. परीक्षा फार कडक घेतो म्हणून विद्यार्थ्यांनी त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणेही घातले आणि त्याची रीतसर चौकशी झाली. आमच्या प्राध्यापक मंडळींना हा मजकूर वाचून समाधान वाटेल की भीती, हे सांगवत नाही.

असल्या धबडग्यात २५ मे १८४२ रोजी डॉप्लरने प्राग येथील बोहेमियाच्या राजकीय विज्ञानसंस्थेच्या बैठकीत एक निबंध वाचला. श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. युग्मताऱ्यांच्या आणि आकाशातील इतर काही ज्योतींच्या रंगीत प्रकाशाविषयी, असा त्याचा विषय. आकाशात काही तारे जोडीजोडीने एकमेकांभोवती फिरतात आणि पुष्कळदा जोडीतला एक तांबूस तर दुसरा निळसर दिसतो. असे का व्हावे?

डॉप्लरचे उत्तर कोणालाही समजेल असे होते. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर ठरावीक वेळाने लाटा आदळतात. जहाज लाटांच्या रोखाने पुढे निघाले तर तेवढ्याच वेळात जास्त लाटा आदळतील. लाटांपासून दूर पळू लागले तर कमी. जहाज स्थिर ठेवून लाटा उठविणारी वस्तू हलविली तरी फळ असेच. ध्वनी आणि प्रकाश या लहरीच आहेत. तेव्हा आवाज करणारी वस्तू जवळ येत असेल तर तिचा स्वर चढलेला ऐकू येईल आणि दूर जात असेल तर उतरलेला. प्रकाशाच्या बाबतीत स्वराच्या जागी रंग घ्यायचा. जवळ येणारा तारा निळ्या-जांभळ्याकडे झुकेल, दूर जाणारा तांबड्याकडे. डॉप्लरने यासाठी मांडलेले गणित शाळेतल्या मुलालाही सोडविता येईल इतके साधे होते. हा साधेपणाच पुढे त्याच्या अंगाशी आला.

तत्त्व बरोबर होते. उदाहरण मात्र चुकले. तारे मुळात पांढरे असतात आणि त्यांचा रंग गतीमुळे येतो, असे डॉप्लरने धरले होते. पण डोळ्यांना रंग बदललेला दिसायचा तर ताऱ्याने सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावायला हवे. बहुतेक तारे सेकंदाला काही दहा किलोमीटर एवढ्याच वेगाने चालतात, आणि तेवढ्याने रंगात पडणारा फरक दहा हजारांत एखाद्या भागाइतका. शिवाय दृश्य प्रकाशाच्या अलीकडे-पलीकडे अदृश्य किरण असतातच. सारा पट्टा थोडा सरकला तर एका टोकाचा प्रकाश अदृश्य होईल आणि दुसऱ्या टोकाचा अदृश्य किरण दिसू लागेल. पांढरा तारा पांढराच राहील. ताऱ्यांचे रंग त्यांच्या तपमानावर अवलंबून असतात, हे नंतरच्या काळात स्पष्ट झाले. निबंधाच्या शेवटी मात्र डॉप्लरने एक आशा व्यक्त केली आहे. इतर मार्गांनी ज्यांची गती मोजणे अशक्य, अशा दूरच्या ताऱ्यांची गती मोजण्याचे साधन खगोलशास्त्रज्ञांना या तत्त्वातून मिळेल, अशी ती आशा. तिचे काय झाले ते पुढे येईलच.

प्रागमधील तत्त्ववेत्ता व गणिती बोल्झानो याने या निबंधाचे स्वागत केले. पण खरी परीक्षा घेतली ती हॉलंडमधल्या एका तरुण विद्वानाने. बॉइस बॅलॉट हे त्याचे नाव. त्याला डॉप्लरचे ताऱ्यांविषयीचे म्हणणे पटले नव्हते. प्रकाशावर प्रयोग करणे कठीण, म्हणून त्याने ध्वनीवर करायचे ठरविले. त्या काळात वेगाने धावणारी वस्तू म्हणजे आगगाडी आणि तीही हॉलंडमध्ये नवीनच. १८४५ च्या फेब्रुवारीत केलेला पहिला प्रयत्न हिमवादळाने उधळला. जूनमध्ये युट्रेक्ट आणि मार्सेन या गावांदरम्यान पुन्हा घाट घातला गेला. गाडीवर तुताऱ्या वाजविणारे वादक आणि रुळांच्या कडेला स्वरज्ञान असलेले दुसरे वादक, अशी रचना. मग वाजविणारे गाडीखाली आणि ऐकणारे गाडीवर असाही प्रयोग झाला. एंजिनाचा खडखडाट, वेग सारखा ठेवताना होणारी ओढाताण या साऱ्यातून निष्पन्न झाले ते असे की डॉप्लरचे तत्त्व ध्वनीला लागू पडते. ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाने गाडी येत असता वाजविणाऱ्याने षड्ज धरला तर उभ्या असलेल्याला जवळजवळ कोमल ऋषभ ऐकू येतो. गाडी ओलांडून गेली की तोच स्वर षड्जाच्याही खाली घसरतो. बॉइस बॅलॉटने ध्वनीपुरते मान्य केले आणि ताऱ्यांच्या रंगाविषयीचा आपला आक्षेप कायम ठेवला. दोन्ही बाबतींत तो बरोबर होता. हाच बॉइस बॅलॉट पुढे हॉलंडच्या हवामानसंस्थेचा संस्थापक झाला आणि वाऱ्यांच्या दिशेविषयीचा त्याचा नियम आजही भूगोलाच्या पुस्तकांत आहे. डॉप्लरच्या तत्त्वाचा पहिला परीक्षक हवामानशास्त्रज्ञ निघावा, यात कोणाला विधिलिखित दिसले तर त्याला दोष देता येणार नाही. फ्रान्समध्ये फिझोनेही १८४८ साली स्वतंत्रपणे हाच विचार मांडला, आणि लक्ष ताऱ्याच्या एकूण रंगाकडे न देता त्याच्या वर्णपटातल्या बारीक रेषांकडे द्यावे असे सुचविले. नेमकी हीच गोष्ट डॉप्लरच्या हातून निसटली होती.

१८४७ साली प्रागच्या परीक्षांना कंटाळून डॉप्लर आज स्लोव्हाकियात असलेल्या शेमनिट्झ या खाणींच्या गावी तेथील अकादमीत प्राध्यापक म्हणून गेला. वर्ष पुरे होते न होते तोच १८४८ च्या क्रांतीचा वणवा पेटला आणि पुढल्या साली त्याने व्हिएन्ना गाठले. तिथे त्याच्या जुन्या शिक्षकाची, स्टांपफर यांची जागा त्याला मिळाली. १८५० च्या जानेवारीत सम्राटाने त्याला व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकी संस्थेचा पहिला संचालक नेमले. पाथरवटाच्या मुलाच्या दृष्टीने हे शिखरच होते. त्याच्या वर्गात त्या काळी एक तिशीचा ख्रिस्ती साधू बसत असे. वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तो हाच.

हे वैभव तीन वर्षेही टिकले नाही. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल हे मोठे नाव होते. छायाचित्रणाचे उत्तम भिंग त्यांनी तयार केले होते. १८५२ साली विज्ञान अकादमीच्या सभांतून त्यांनी डॉप्लरच्या तत्त्वावर हल्ला चढविला. त्यांचा रोख असा, की निसर्गाचे मोठे नियम अवकल समीकरणांतून निघतात. चार ओळींच्या अंकगणितातून निघालेला नियम हा नियमच नव्हे. शिवाय वारा वाहत असताना दूरच्या वाद्यवृंदाचे स्वर बदलत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. यात त्यांचे गणित खरे होते, पण तो मुद्दाच वेगळा होता. वाहत्या हवेने स्वर बदलत नाही. वाजविणारा किंवा ऐकणारा हलला तर बदलतो. डॉप्लरने हे सांगितले, पण अधिकारवाणी पेट्झवाल यांची होती. मला वाटते, विद्वत्तेच्या क्षेत्रातला हा जुनाच रोग आहे. सोपे आहे म्हणजे उथळ असले पाहिजे, असे मानणारे पंडित आपल्याकडेही काही थोडे नाहीत. वाद डॉप्लरच्या हयातीत मिटला नाही. १८६० साली व्हिएन्नातच अर्न्स्ट माख या तरुणाने फिरत्या शिट्टीचा प्रयोग करून दोघांच्या म्हणण्यातला घोळ उलगडून दाखविला.

डॉप्लर तोवर राहिला नव्हता. फुप्फुसांचा विकार विकोपाला गेल्यामुळे रजा काढून तो १८५२ च्या नोव्हेंबरात व्हेनिसला गेला. तेथील ऊबदार हवेचा उपयोग होईल असे वाटले होते. तो झाला नाही. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्याचा अंत झाला. वय अवघे ४९. व्हेनिसजवळच्या सान मिकेले या बेटावरील दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

माणूस गेला, पण त्याची ती आशा फळाला आली, आणि गंमत अशी की तीही युग्मताऱ्यांच्याच बाबतीत. १८६८ मध्ये इंग्लंडात हगिन्सने व्याधाच्या वर्णपटातील रेषा किंचित सरकलेली पाहून त्याचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. पुढे १८८९ साली अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेतून पिकरिंगने एक शोध जाहीर केला. सप्तर्षींतील वसिष्ठ आपल्या परिचयाचा. लग्नात नवरा-नवरीला दाखवितात ती अरुंधती त्याच्याच शेजारी असते. वसिष्ठाशेजारी दुर्बिणीतून आणखी एक सोबती दिसतो हे आधीच ठाऊक होते. पण पिकरिंगला असे दिसले की यांतल्या तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी होतात. याचा अर्थ, दुर्बिणीत एकच दिसणारा हा ताराही दोन ताऱ्यांची जोडी आहे. दोघे एकमेकांभोवती साडेवीस दिवसांत एक फेरी घालतात. एक आपल्याकडे येत असता दुसरा दूर जातो, तेव्हा दोघांच्या रेषा अलग होतात. दोघे आपल्या दृष्टिरेषेला आडवे चालू लागले की पुन्हा एकरूप होतात. जागेने जे अलग होत नव्हते ते वेगाने अलग झाले! हवामानाच्या रडारमध्ये पुढे जे करावे लागले ते सारे या एका वाक्यात आहे.

रडार म्हणजे थोडक्यात हाक मारून प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र. ते रेडिओलहरींचा एक छोटा स्पंद सोडते, थांबते आणि ऐकते. प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून ढगाचे अंतर कळते आणि तो किती जोरकस आहे यावरून पावसाचे मान. साध्या रडारला एवढेच कळते. परंतु समोर डोंगर असेल तर त्याचाही प्रतिध्वनी येतो, आणि डोंगरावरच पाऊस पडत असेल तर दोन्ही एकाच क्षणी एकमेकांत मिसळून येतात. कोकणपट्टीवरील कोणत्याही रडारच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. यातला पाऊस किती आणि डोंगर किती, हे कसे ओळखावे?

इथे डॉप्लर लागतो. डोंगर स्थिर असतो. पावसाचे थेंब वाऱ्याबरोबर धावत असतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या रडारमधून सेकंदाला सुमारे ३०० कोटी कंपने निघतात. सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने रडारकडे येणारा थेंब त्यांत अवघ्या २०० कंपनांची भर घालतो. तीनशे कोटींत दोनशे! एका स्पंदातून हा फरक हाती लागत नाही, म्हणून पाठोपाठ सोडलेल्या अनेक स्पंदांचे प्रतिध्वनी ताडून पाहतात. सेकंदाला हजार स्पंद सोडले तर दोन स्पंदांमधल्या वेळात हा थेंब एक सेंटिमीटर पुढे येतो. लहरीची जाण्यायेण्याची वाट दोन सेंटिमीटरने कमी होते. म्हणजे लहर आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाने सरकलेली दिसते. लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे याला मराठी भौतिकशास्त्रात कला म्हणतात, चंद्राच्या कला म्हणतो तसेच. (कला शाखेच्या वाचकांनी हा शब्द आपला मानायला हरकत नाही.) डोंगराच्या प्रतिध्वनीची कला स्पंदामागून स्पंद तीच राहते, पावसाची फिरत राहते. पन्नास-साठ स्पंदांची अशी माळ घेऊन गणकयंत्र तिचे वेगाप्रमाणे पृथक्करण करते. शून्य वेगापाशी डोंगराचा अरुंद सुळका उभा राहतो आणि बाजूला पावसाचा रुंद उंचवटा. सुळका कापून टाकला की उरतो तो पाऊस.

पण पिकरिंगच्या वसिष्ठाची अडचण इथेही आहे. पाऊस रडारच्या दृष्टिरेषेला आडवा चालला असेल तर त्याचाही वेग शून्य दिसतो, आणि डोंगराबरोबर तोही कापला जातो. यावर उपाय असा की कापल्यानंतर उरलेल्या बाजूंवरून उंचवट्याचा मूळ आकार कसा असावा हे ताडायचे आणि पडलेली खाच भरून काढायची. जुनी मूर्ती भंगलेली असता कारागीर उरलेल्या भागावरून नाक घडवितो, तसे हे काम आहे.

याहून अवघड प्रकरण दोन ढगांचे. सेकंदाला हजार स्पंद सोडले तर पुढचा स्पंद निघेपर्यंत लहर फार तर दीडशे किलोमीटर जाऊन परत येऊ शकते. दोनशे किलोमीटरवरच्या वादळाचा प्रतिध्वनी यायच्या आत दुसरा स्पंद सुटलेला असतो, आणि रडारला वाटते हा दुसऱ्याचाच प्रतिध्वनी, अंतर पन्नास किलोमीटर. तिथे खरोखरच एखादा ढग असेल तर दोघे एकमेकांवर चढतात. मग स्पंद विरळ सोडावेत, म्हणाल. पण मग दोन स्पंदांमधल्या वेळात थेंब इतका पुढे जातो की तो येतो आहे की जातो आहे हेच कळेनासे होते. सेकंदाला हजार स्पंदांवर ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वेग निःसंदिग्ध मोजता येतो. तीनशे स्पंदांवर पल्ला पाचशे किलोमीटर होतो, पण वेगाची मर्यादा ताशी २७ वर येते. चक्रीवादळापुढे तिचा काय उपयोग! अंतर हवे तर वेग सोडा, वेग हवा तर अंतर सोडा, अशी ही कोंडी आहे आणि शास्त्रज्ञांनी तिला डॉप्लरचेच नाव दिले आहे. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत ओक्लाहोमातील युनियन सिटीच्या वादळाच्या पोटात फिरणारे वारे डॉप्लर रडारने टिपले आणि या यंत्राचे मोल सर्वांना पटले, तेव्हाही ही कोंडी होतीच.

तिच्यातून निघालेली वाट मोठी सुंदर आहे. समजा, आपण रोज एक पत्र पाठवितो. जवळच्या गावाहून उत्तर त्याच दिवशी येते, लांबच्या गावाहून दुसऱ्या दिवशी. उत्तरावर तारीख नसेल तर कोणत्या पत्राचे ते कळणार नाही. म्हणून प्रत्येक पत्रावर निराळी खूण करून पाठवावी आणि उत्तरात तीच खूण यावी. रडारमध्ये ही खूण म्हणजे स्पंदाची कला. प्रत्येक स्पंद ठरवून दिलेल्या निराळ्या कलेने सोडायचा. पण पत्रे तरी सुटी असतात. इथे दोन्ही उत्तरे एकाच कागदावर, एकमेकांच्या ओळींवरून लिहून आलेली. म्हणून वाचताना आधी ताज्या स्पंदाची खूण वजा करायची. तसे केले की जवळच्या ढगाचा प्रतिध्वनी सुसंगत होऊन एका वेगापाशी गोळा होतो, आणि दूरच्याची खूण न जुळल्यामुळे तो विस्कटून जातो. मागल्या स्पंदाची खूण वजा केली तर याच्या उलट.

१९९९ साली कानपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक सच्चिदानंद आणि ओक्लाहोमातील वादळ-प्रयोगशाळेचे झर्निच या दोघांनी या खुणांची एक पद्धतशीर माळ मांडली. तिची खुबी अशी की न जुळणारा प्रतिध्वनी वाटेल तसा न विस्कटता आठ सारख्या प्रतींत वाटला जातो आणि त्या प्रती वेगपटावर समान अंतराने उभ्या राहतात. दोघांतला जो जोरकस, त्याला आधी जुळवून घ्यायचा, त्याचा वेग टिपायचा आणि त्याच्या भोवतीचा तीनचतुर्थांश पट सरळ कापून टाकायचा. उरलेल्या चतुर्थांशात दुर्बळ प्रतिध्वनीच्या आठांपैकी दोन प्रती शिल्लक राहतात. तेवढ्या दोन प्रतींवरून त्याला पुन्हा जुळविता येते आणि त्याचाही वेग कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय रडारजाळ्यात ही रीत पुढे वापरात आली.

आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही मिलिमीटर झाला नाही. मुंबईत त्या वेळी डॉप्लर रडार नव्हते; ते नंतर आले. एकाच शहराच्या दोन टोकांवर आभाळ इतके निराळे वागत असता, कोणता प्रतिध्वनी कुठला हे अचूक सांगणे हा केवळ गणिताचा खेळ राहत नाही.

अर्थात ही रीत सर्वशक्तिमान नाही. एक प्रतिध्वनी दुसऱ्याच्या मानाने फारच जोरकस असला, किंवा ढगातले वारे इतके खवळलेले असले की वेगाचा उंचवटा पटभर पसरतो, तर प्रती एकमेकींत मिसळतात आणि दुर्बळ आवाज हाती लागत नाही. अशा जागी अमेरिकेच्या रडारपटांवर वेगाचा आकडा देतच नाहीत. तेवढा तुकडा जांभळ्या रंगाने रंगवून मोकळा सोडतात.